कॅमेरा मोठा नको, वीज मोठी हवी

परदेशस्थ मराठी मंडळांच्या बैठकींत एक प्रस्ताव दर दोन-तीन वर्षांनी नव्याने जन्म घेतो. मंडळासाठी उत्तम प्रतीचा व्हिडिओ कॅमेरा घ्यावा, त्यासाठी घरटी वर्गणी काढावी आणि आपल्या ज्येष्ठांच्या मुलाखतींचे चित्रीकरण करावे, असा तो प्रस्ताव असतो. हेतू निर्मळ असतो. टाळ्या पडतात, समिती नेमली जाते, समिती किंमतपत्रके मागविते, हजारो डॉलरचा आकडा ऐकून वर्गणीचा उत्साह थंडावतो आणि प्रस्ताव इतिवृत्ताच्या वहीत जाऊन झोपतो. दरम्यान ज्यांची मुलाखत घ्यायची ठरले होते, त्यांच्यापैकी कोणीतरी कायमचे निघून गेलेले असते.

या प्रस्तावाला आमचा स्पष्ट विरोध आहे. चित्रीकरणाला नव्हे, चित्रीकरण व्हावे, तातडीने व्हावे, असेच आमचे मत आहे. आमचा विरोध आहे तो 'आधी मोठा कॅमेरा, मग काम' या समजुतीला. आजवर घरोघरी झालेली चित्रीकरणे जिथे फसली तिथे ती बहुधा भिंगाच्या उणिवेमुळे फसलेली नाहीत. ती फसली बोलणारा ऐन भरात असताना कॅमेऱ्यातील वीज संपल्यामुळे. जो रोग भिंगाला नाही त्यावर भिंगाचे महागडे औषध देणे, हे आमच्या व्यवसायात चुकीचे निदान समजले जाते.

प्रथम काय पणाला लागले आहे ते पाहू. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात वडिलांचे बोट धरून उभे असलेले दहा वर्षांचे मूल आज ऐंशीच्या घरात आहे. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेचे दार आशियातील माणसांना उघडल्यानंतर जी पिढी हातात पदवी आणि खिशात मोजके डॉलर घेऊन येथे उतरली, तीही आता गुडघ्यावर हात ठेवून खुर्चीतून उठते. नागपूरला जाताना फडक्यात काय बांधून घेतले होते, गाडीत जागा कशी मिळाली, परत आल्यावर गावात पहिला दिवस कसा गेला. येथे आल्यावर पहिला हिवाळा कोणाच्या उसन्या कोटावर काढला, ही माहिती कोणत्याही ग्रंथालयात नाही. ती चालत्या-बोलत्या माणसांच्या स्मृतीत आहे. स्मृतीची पुढची आवृत्ती निघत नसते.

आता ही माणसे बोलतात कशी, तेही ध्यानात घ्यावे. वृद्धांच्या खोलीत बसून त्यांचे ऐकणे हा आमचा गेल्या पंचवीस वर्षांचा पोटापाण्याचा उद्योग आहे. वृद्ध माणूस प्रश्नाला थेट उत्तर देत नाही. तो आधी तब्येतीविषयी बोलतो, नातवंडांविषयी बोलतो, गप्प बसतो, पाणी मागतो, आणि अर्ध्या-पाऊण तासाने, जणू सहज, मूळ गोष्टीला हात घालतो. तेथे त्याचा धागा तोडला तर तो पुन्हा जुळेलच अशी खात्री नाही. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे आढळले की, रुग्ण आपली तक्रार सांगू लागला की डॉक्टर सरासरी १८ सेकंदांतच त्याला अडवितात. आमच्या व्यवसायाला या आकड्याची लाज वाटली आणि ऐकून घेण्याचे शिक्षण सुरू झाले. कॅमेऱ्यालाही हे शिक्षण देण्याची वेळ आली आहे.

कॅमेरा बोलणाऱ्याला दोन प्रकारे अडवितो. पहिला प्रकार मोठा मासलेवाईक आहे. बाजारातील अनेक जुने डिजिटल कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंद झाले की चित्रीकरण आपोआप थांबवितात. कित्येकांची समजूत अशी की, यंत्र तापते म्हणून तसे होते. काही वेळा ते खरेही असते. परंतु या नेमक्या आकड्याचे मूळ युरोपच्या जकातीत आहे. सलग ३० मिनिटे वा त्याहून अधिक चित्रीकरण करणारे यंत्र तेथे 'व्हिडिओ कॅमेरा' ठरे आणि त्यावर जादा आयातशुल्क बसे. ते चुकविण्यासाठी उत्पादकांनी एक सेकंद कमी ठेवला. पॅनासोनिकचे जीएच-४ हे २०१४ सालचे मॉडेल पाहावे: युरोपात विकले जाणारे यंत्र अर्ध्या तासाला थांबे, त्याच नावाचे अमेरिकेतील यंत्र थांबत नसे. पुढे ते शुल्क गेले आणि अनेक नव्या कॅमेऱ्यांतून ही मर्यादाही गेली; पण वापरलेल्या कॅमेऱ्यांच्या बाजारात ती अजून जिवंत आहे. म्हणजे एखाद्या आजीचे वाक्य अर्ध्यावर तुटते ते कोणा जकात अधिकाऱ्याच्या कोष्टकामुळे! वापरलेला कॅमेरा घेताना पहिला प्रश्न याच मर्यादेविषयी विचारावा; कारण बाहेरून कितीही वीज पुरविली तरी ही मर्यादा हटत नाही.

दुसरा प्रकार बॅटरीचा. आटोपशीर आणि देखणा कॅमेरा विकला जातो, म्हणून उत्पादक त्याची बॅटरी काडेपेटीहून थोडी मोठी ठेवतात. सोनीच्या अनेक लहान कॅमेऱ्यांत वापरली गेलेली एनपी-एफडब्ल्यू ५० ही बॅटरी ७.२ व्होल्ट आणि १०२० मिलीअँपिअर-तासांची आहे. दोहोंचा गुणाकार केला की सुमारे ७.३ वॅट-तास ही तिची खरी शिदोरी निघते. चित्रीकरण करताना असा कॅमेरा साधारण ६ वॅट वीज खातो असे धरले, तर नवी कोरी बॅटरी तास-सव्वा तास पुरेल. चार वर्षे वापरलेली अर्ध्या वाटेवरच मान टाकील. यावर विक्रेत्याचे उत्तर ठरलेले असते: आणखी तीन बॅटऱ्या घ्या. प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा, त्यामुळे एकीची दुसरीला चालत नाही, आणि कॅमेरा बदलला की सर्व बॅटऱ्या अडगळीत. आम्ही मात्र असे विचारतो की, तीन बॅटऱ्या घेतल्या तरी व्यत्यय टळतो का? टळत नाही. तो तीनदा येतो.

रुग्णालयात शिरेतून औषध देणारा पंप पाहावा. तो भिंतीतल्या विजेवर चालतो आणि त्याच्या पोटात बॅटरीही असते. रुग्णाला एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर नेताना वायर काढली तरी औषधाचा थेंब चुकत नाही. बाहेरची वीज मुख्य आणि आतली वीज राखीव, हे त्यामागील तत्त्व आहे. रुग्णशय्येपाशी जे तत्त्व आपण निर्विवाद मानतो, ते आजोबांच्या खुर्चीपाशी का मानू नये?

या तत्त्वावर उभी केलेली लहानशी जोडणी हाच आमचा पर्यायी प्रस्ताव आहे. चित्रीकरणाच्या व्यवसायात तिला रिग म्हणतात. शब्द भारदस्त असला तरी वस्तू साधी आहे: कॅमेऱ्याभोवती धातूचा एक सांगाडा, त्याला स्क्रूने जोडलेला मायक्रोफोन आणि बाहेरची बॅटरी. कॅमेऱ्याच्या तळाशी असणारे पाव इंची, इंचाला वीस आट्यांचे भोक हे जगभर एकच आहे. कंपन्यांनी बॅटरीचे साचे वेगवेगळे केले, पण हा स्क्रू त्यांना वेगळा करता आलेला नाही. आपली सारी सोय या एका समान स्क्रूवर उभी राहते. सांगाडाही चोहोबाजूंनी बंद असा महाग घेण्याचे कारण नाही. इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची भोके पाडलेली अॅल्युमिनियमची पट्टी पुरेशी आहे.

वीज देण्याचे मार्ग तीन. ज्या कॅमेऱ्याला यूएसबी-सी तोंड आहे आणि जो चालू असतानाही त्यातून वीज घेतो, त्याला सरळ पॉवर बँक जोडावी. हा सर्वांत उत्तम मार्ग, कारण आतली बॅटरी राखीव राहते आणि वायर निसटली तरी चित्रीकरण थांबत नाही. काही कॅमेरे मात्र बंद असतानाच यूएसबीवर भारित होतात, म्हणून घेण्यापूर्वी माहितीपुस्तिका वाचावी. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून फोन, कॅमेरे आदी अनेक उपकरणांना हे एकच तोंड बंधनकारक केले. जे ग्राहकाच्या विनंतीने झाले नाही ते कायद्याने झाले, हेही आपण विसरू नये.

दुसरा मार्ग जुन्या कॅमेऱ्यांसाठी. बॅटरीच्या आकाराचा पोकळ ठोकळा मिळतो, त्यातून वायर बाहेर येते; त्याला डमी बॅटरी म्हणतात. ती कॅमेऱ्यात बसवायची आणि वायरीचे दुसरे टोक पॉवर बँकेला जोडायचे. येथे एक धोका आहे. ७.२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट देते आणि कॅमेरा तेवढ्याच दाबासाठी बांधलेला असतो. पॉवर बँक ५, ९, १५, २० व्होल्ट अशा पायऱ्यांनी वीज देते. म्हणून दाब नियंत्रित करणारे लहान यंत्र वायरीतच असलेली, आपल्याच कॅमेऱ्यासाठी बनविलेली डमी घ्यावी. नियंत्रकाविना ९ व्होल्ट कॅमेऱ्यात सोडणे म्हणजे वजन न पाहता औषधाची मात्रा देणे होय. या मार्गात आत राखीव बॅटरी उरत नाही, म्हणून वायर सांगाड्याला पट्टीने घट्ट बांधावी.

तिसरा मार्ग अनेकांच्या कपाटातच पडून आहे. सोनीच्या हँडीकॅमसाठी १९९० च्या दशकात आलेला एनपी-एफ बॅटरीचा साचा आजही बाजारात आहे. त्यातील मोठी, एनपी-एफ ९७०, सुमारे ४७ वॅट-तासांची असते. तिच्यासाठी मिळणारी पट्टी सांगाड्याला लावली की डमी बॅटरीला योग्य दाबाची वीज मिळते. कपाटातली वीस वर्षांपूर्वीची बॅटरी मात्र वापरू नये; साचा जुना चालेल, आतले घट नवे हवेत.

पॉवर बँक घेताना जाहिरातीतील आकड्याला भुलू नये. २०,००० हा आकडा १०२० च्या वीसपट दिसतो. पण तो ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो. गुणाकार केला की ७४ वॅट-तास निघतात. दाब बदलताना सुमारे पाचवा हिस्सा उष्णतेत जातो, म्हणजे ६० च्या आसपास हाती उरतात. तरीही ६ वॅटच्या कॅमेऱ्याला ही शिदोरी दहा तास पुरते. दहा तास! एवढ्या वेळात बोलणारा थकेल, विचारणारा थकेल, चहा तीनदा होईल. कॅमेरा थकणार नाही. विश्रांती कधी घ्यायची हे मग बोलणाऱ्याच्या श्वासावरून ठरेल, बॅटरीच्या लाल खुणेवरून नाही. एक पथ्य तेवढे पाळावे: चित्रीकरण चालू असताना त्याच पॉवर बँकेला फोन जोडू नये. दुसरे उपकरण लावताच अनेक पॉवर बँका क्षणभर वीज तोडून दाब नव्याने ठरवितात. तो क्षण डमीवर चालणाऱ्या कॅमेऱ्याला पुरेसा घातक असतो. चालू चित्रफीतही बिघडू शकते.

ही बॅटरी बसवावी कोठे? हौशी मंडळी सर्व काही कॅमेऱ्याच्या माथ्यावर चढवितात आणि मग तास-दीड तास तो डोलारा हातात धरतात. मनगटाच्या आणि अंगठ्याच्या कंडरांना सूज आलेले असे हौशी आमच्याकडे येतात. वजन जितके शरीरापासून दूर, तितका त्याचा भार सांध्यावर अधिक. हातात धरायचे असेल तर बॅटरी कमरेच्या पट्ट्यात ठेवून लांब वायर घ्यावी. मुलाखतीसाठी मात्र तिवई हवीच. बॅटरी तिवईच्या पायाशी बांधावी. गुरुत्वमध्य खाली येतो आणि तिवई कलंडत नाही. वायर तिवईच्या पायालगत बांधून घ्यावी, जमिनीवर लोंबती सोडू नये. काठी टेकीत येणाऱ्या आजींचा पाय तीत अडकला आणि खुबा मोडला, तर त्या चित्रीकरणाची किंमत कोणत्याही किंमतपत्रकात मावणार नाही.

लिथियमविषयी दोन शब्द. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, कचऱ्यात टाकू नये. पुनर्वापर केंद्रात द्यावी. चालू पॉवर बँक कापडात गुंडाळून ठेवू नये. भारतात मुलाखती घ्यायला जाताना पॉवर बँक हातातील सामानातच असावी, आणि १०० वॅट-तासांच्या आतली असावी. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील गिम्हे विमानतळावर एअर बुसानचे विमान जळाले, तेव्हा संशय पॉवर बँकेवर गेला आणि नियम कडक होत चालले. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून एकच पॉवर बँक नेण्याची मुभा ठेवून विमानात तिचा वापर बंद केला. दुबईमार्गे मुंबईला जाणाऱ्यांनी आपल्या विमान कंपनीचा नियम निघण्यापूर्वी पाहावा.

आता हिशेब. वापरलेला कॅमेरा भिंगासह ३०० डॉलर, पट्टी ३०, डमी बॅटरी २५, पॉवर बँक ५०, कॉलरला लावायचा वायरीचा मायक्रोफोन २५, तिवई ६०, १२८ जीबी कार्ड २०: एकूण ५१० डॉलर. हा आमचा अंदाज आहे, पन्नास-साठ डॉलर इकडे-तिकडे होतील. अतिसूक्ष्म ४के चित्राचा हट्ट धरू नये. १०८० च्या चित्राला, सेकंदाला ५० मेगाबिट या वेगाने, तासाला साडेबावीस जीबी लागतात आणि १२८ जीबीच्या कार्डावर पाच तासांहून अधिक मावतात. मोठ्या कॅमेऱ्याच्या एका वर्गणीत असे अनेक संच होतील आणि अनेक शहरांत एकाच महिन्यात काम सुरू होईल.

यावर आक्षेप येतील ते आम्हाला ठाऊक आहेत. पहिला: 'हे गबाळे दिसते, पाहुण्यांसमोर शोभत नाही.' शोभा कोणासाठी? वृद्ध माणूस मोठ्या यंत्रापुढे, दिव्यांच्या झोतात, भाषण करू लागतो. लहान यंत्रापुढे तो बोलतो. दुसरा: 'मग फोन काय वाईट?' काहीच वाईट नाही. फोनलाही हीच पट्टी, हाच मायक्रोफोन, हीच पॉवर बँक लावावी आणि येणारे फोन बंद ठेवावेत. आमचा आग्रह यंत्राच्या नावासाठी नाही. आवाज जवळून घ्यावा आणि वीज बाहेरून घ्यावी, एवढ्यासाठी आहे.

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तोच आम्हाला अधिक बोचतो: 'आपण तंत्रज्ञ नाही, हे जाणकारांचे काम.' १९८४ साली अहमदाबादेत 'सेवा' या संघटनेने व्हिडिओ सेवा सुरू केली, तेव्हा कॅमेरा हाती घेणाऱ्यांत भाजी विकणाऱ्या स्त्रिया होत्या, अक्षरओळख नसलेल्याही होत्या. तेलंगणातील झहीराबाद परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी स्त्रियांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅमेरा शिकून आपल्या बियाण्यांवर, आपल्या शेतीवर स्वतः चित्रपट केले. आणि मराठी माणसाला आणखी एक आठवण करून द्यावी. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. तो हाताने दांडा फिरवून चालविण्याचा होता. फिल्मला भोके पाडण्याच्या कामात सरस्वतीबाईंनी हात घातला आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. त्या घरात चालकशक्ती माणसाच्या मनगटात होती. ज्यांच्या घरात दोन-दोन अभियंते आहेत, ज्यांची मुले शाळेत यंत्रमानव बांधतात, त्यांनी 'आम्हाला जमणार नाही' म्हणावे, हे नम्रतेचे लक्षण नाही. ती विकत घेतलेली परावलंबी सवय आहे.

म्हणून आमची मागणी अशी. कॅमेरा समितीने किंमतपत्रके गोळा करणे बंद करावे. प्रत्येक शाखेने महिन्याभरात एक संच जोडावा आणि तो जोडण्याचे काम पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींकडे द्यावे. पेचकस फिरविता फिरविता ती विचारतील की, हे कोणासाठी, आणि मग आजीच्या खुर्चीसमोर बसतील. शाखेतील पंचाहत्तरी ओलांडलेल्यांची यादी करावी, वयाने ज्येष्ठ त्यांची मुलाखत आधी घ्यावी. त्यांची लेखी संमती घ्यावी. प्रत्येक चित्रफितीच्या तीन प्रती तीन वेगळ्या घरी ठेवाव्यात आणि त्यांतील एक भारतात असावी.

पुढील वार्षिक सभेत मोठ्या कॅमेऱ्याचा प्रस्ताव पुन्हा आला तर आम्ही उभे राहून एकच प्रश्न विचारू: गेल्या वर्षभरात किती तास ऐकून घेतले?